परराष्ट्र खात्याचा जमाखर्च आणि परदेशी गेलेली आपली माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प मांडला गेला की आपल्या भागातील वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस रेल्वे, ऊस, प्राप्तिकर आणि बेळगाव-कित्तूर-धारवाड लोहमार्ग यांचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण केंद्र सरकारच्या एका खात्याचा जमाखर्च मात्र इकडे कोणी उघडूनही पाहत नाही, आणि ते खाते म्हणजे परराष्ट्र व्यवहार मंत्रालय. मी खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत तीस वर्षे हिशेब सांभाळले. निवृत्तीनंतर दर फेब्रुवारीत केंद्राच्या अनुदानाच्या मागण्यांचे, म्हणजे प्रत्येक मंत्रालयाने संसदेकडे मागितलेल्या खर्चाचे, कागद वाचण्याची सवय लागली. त्या वाचनातून आणि आमच्याच गावात घडलेल्या एका घटनेतून जे लक्षात आले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. पण आकडे अर्धवट सांगितले तर त्यांचा विपर्यास होतो, असा माझा अनुभव आहे.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयासाठी २०२५-२६ या वर्षाकरिता सुमारे २०,५१७ कोटी रुपयांची तरतूद आहे. केंद्राचा त्या वर्षाचा एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये धरलेला आहे. म्हणजे केंद्र शंभर रुपये खर्च करते तेव्हा जगाशी असलेल्या आपल्या साऱ्या व्यवहाराच्या वाट्याला त्यातले चाळीस पैसे येतात. संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये आहे, ती याच्या सुमारे तेहतीस पट. आपल्या ओळखीचे माप हवे असेल तर कर्नाटक सरकारच्या त्याच वर्षाच्या ४.०९ लाख कोटींच्या अर्थसंकल्पाशी ताडून पाहावे. सगळ्या वकिलाती, सगळे पासपोर्ट, शेजारी देशांना द्यायची सगळी मदत आणि संयुक्त राष्ट्रसंघाची वर्गणी एवढे सगळे एका राज्याच्या अर्थसंकल्पाच्या विसाव्या भागात भागवायचे आहे. देशातील माणशी हिशेब केला तर वर्षाला दीडशे रुपयेही होत नाहीत.

संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने या मंत्रालयाला एकूण अर्थसंकल्पाच्या किमान एक टक्का तरी मिळावा, अशी शिफारस आपल्या अहवालांतून केलेली आहे. एक टक्का म्हणजे पन्नास हजार कोटींच्या वर, २०२५-२६ च्या तरतुदीच्या अडीच पट. भारतीय परराष्ट्र सेवेत जेमतेम हजारभर अधिकारी आहेत आणि जगभर आपल्या वकिलाती व वाणिज्य दूतावास मिळून दोनशेच्या आसपास कार्यालये आहेत, हे लक्षात घेतले की समितीची ही मागणी अवाजवी वाटत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत मंत्रालयाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला आहे.

माझ्यासारख्या हिशेबनिसाला यापेक्षाही जास्त खटकते ती मूळ अंदाज आणि वर्ष सरत आल्यावर मांडलेला सुधारित अंदाज यांतील तफावत. २०२३-२४ साठी अर्थसंकल्पीय अंदाज १८,०५० कोटींचा होता. सुधारित अंदाज आला तेव्हा तो २९,१२१ कोटींवर गेला, म्हणजे एकसष्ट टक्क्यांनी वाढला. २०२४-२५ मध्ये २२,१५५ कोटी धरले होते, त्याचे २५,२७७ कोटी झाले. एवढे होऊनही पुढच्या वर्षासाठी पुन्हा खाली येऊन २०,५१७ कोटीच धरले गेले. उलट, २०२०-२१ मध्ये १७,३४७ कोटी धरले होते, ते सुधारित अंदाजात १५,००० कोटींवर आणले गेले. करोनाचे ते वर्ष होते, परदेशी अडकलेल्या भारतीयांना ‘वंदे भारत’ मोहिमेखाली विमानांनी परत आणले जात होते आणि आपल्याच भागातील कित्येक घरे दुबई-मस्कतहून येणाऱ्या विमानांच्या याद्या रात्र-रात्र पाहत बसलेली होती. दौरे आणि परिषदा थांबल्याने त्या वर्षी काही खर्च वाचला असणार, हे मान्य. पण आमच्या पतसंस्थेचे अंदाजपत्रक एका वर्षी साठ टक्क्यांनी चुकले असते तर वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी संचालक मंडळाला उभे करून कारण विचारले असते. देशाच्या या खात्याला असे कारण कोण विचारते? लोकसभेत बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या वेळेअभावी चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. छाननी खऱ्या अर्थाने होते ती स्थायी समितीत, आणि तिचे अहवाल इंग्रजी-हिंदीत छापले जातात. ते मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाहीत.

जे पोहोचते ते एवढेच, की आपण अमुक देशाला इतके कोटी दिले. २०२४ च्या जानेवारीत मालदीवच्या काही मंत्र्यांच्या वक्तव्यांवरून देशभर संताप उसळला, तेव्हा आमच्या गावच्या कट्ट्यावरही ‘यांना आपण पैसे कशाला देतो’ हाच प्रश्न होता. २०२५-२६ मध्ये मालदीवसाठीची तरतूद उलट ६०० कोटींपर्यंत वाढली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा निघाला. प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यात आजही पावसाळ्यात बाहेरच्या जगापासून तुटणारी गावे आहेत, आणि त्यांच्यासमोर परदेशाला दिलेल्या कोटींची गोष्ट निघाली की मन कडवट होतेच. पण हा खर्च नेमका कशावर होतो, हे एकदा पाहायला हवे.

परदेशांना द्यायच्या मदतीसाठी २०२५-२६ मध्ये एकूण सुमारे ५,४८३ कोटी रुपये आहेत, मंत्रालयाच्या तरतुदीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडे जास्त. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानला जातात. नेपाळला ७००, मालदीवला वर सांगितलेले ६००, मॉरिशसला ५००, म्यानमारला ३५०, श्रीलंकेला ३०० कोटी अशी उतरती भाजणी आहे. भूतानकडे जाणारा पैसा निव्वळ दान नसतो, त्यात अनुदानाबरोबर कर्जही असते. भूतानच्या नद्यांवर आपल्या पैशाने आणि आपल्या अभियंत्यांच्या साहाय्याने जलविद्युत प्रकल्प उभे राहिले. २०१९ मध्ये सुरू झालेला ७२० मेगावॅटचा मांगदेछू प्रकल्प त्यांपैकीच एक. भूतानच्या गरजेपेक्षा जास्त होणारी वीज भारत विकत घेतो, त्या विक्रीतून भूतानच्या तिजोरीत पैसा येतो आणि त्यातून कर्जाचे हप्ते परत येतात. सहकारी साखर कारखान्याला भागभांडवल आणि कर्ज देऊन त्याच कारखान्याची साखर विकत घेण्याची व्यवस्था लावण्यासारखा हा व्यवहार आहे, आणि तो आपल्या चिक्कोडी-निपाणीच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितला तर लगेच पटेल. शिवाय भूतानच्या सीमेला लागून चीन आहे. तिथे मैत्री टिकवण्याचा खर्च सैन्य उभे करण्याच्या खर्चापेक्षा किती कमी आहे, हे वरच्या संरक्षणाच्या आकड्यावरून कळावे.

म्हणून शेजाऱ्यांना मदत का देता, ही माझी तक्रार नाही. माझा प्रश्न आहे तो परदेशी गेलेल्या आपल्या कष्टकरी माणसाच्या वाट्याला या जमाखर्चातले काय येते, हा.

हा प्रश्न आपल्या भागाचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे घालणारा मोल्डर, निपाणीकडचा ट्रकचालक, खानापूर-जांबोटी पट्ट्यातला गवंडी, कारवारकडचा जहाजावरचा खलाशी अशी आपल्याकडची माणसे पिढ्यान् पिढ्या बाहेर पडत आली आहेत. आधी मुंबई आणि गोवा, मग आखात. आखाती देशांत आज सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. २०२३-२४ मध्ये परदेशांतील भारतीयांनी घरी पाठवलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नोंदीप्रमाणे ११८.७ अब्ज डॉलर होती. रुपयांत ती दहा लाख कोटींच्या जवळ जाते. बँकेच्या पाहणीनुसार त्यात कर्नाटकाचा वाटा ७.७ टक्के आहे. परराष्ट्र मंत्रालयाची सबंध वर्षाची तरतूद या रकमेच्या अवघी दोन टक्के भरते.

ही माणसे बाहेर जाताना आणि बाहेर राहताना सरकारला पैसेही देतात. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क पंधराशे रुपये, तत्काळ हवा असेल तर वर दोन हजार. वर्षाला एक कोटीहून अधिक पासपोर्ट दिले जातात, म्हणजे ही जमा हजार कोटींच्या घरात सहज जाते. ती थेट मंत्रालयाच्या हाती राहत नाही, भारताच्या एकत्रित निधीत जमा होते, आणि मंत्रालयाला जे मिळते ते संसदेने मंजूर केलेल्या तरतुदीतून. लेखाशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. फक्त खर्चाकडे पाहताना ही जमा आपण विसरू नये.

इथे एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडण्यात आली, आणि आज देशात अशी चारशेहून अधिक केंद्रे आहेत. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातही असे केंद्र झाले, त्यामुळे पहाटेची गाडी पकडून हुबळी गाठण्याची आणि एक कागद कमी पडला म्हणून परत येण्याची पाळी टळली. गरीब माणसाचा एक दिवसाचा रोजगार वाचणे ही लहान गोष्ट नाही. मंत्रालयाचा पैसा आपल्या दारापर्यंत आल्याचे हे उदाहरण मी स्वतः पाहिले आहे.

दुसरे उदाहरण मात्र वेगळे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावचा एक गवंडी आखातातील एका देशात परांचीवरून पडून मरण पावला. सातवीपर्यंत शिकलेला, आमच्या पतसंस्थेचा सभासद, दर महिन्याला न चुकता पैसे पाठवणारा. त्याची पत्नी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. ‘काका, हे सगळं तुम्हीच बघा’ एवढेच ती म्हणाली. पार्थिव आणण्यासाठी तिथला मृत्यूचा दाखला लागतो, वकिलातीचे ना-हरकत पत्र लागते, पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, आणि घरच्यांचे संमतीपत्र व कुलमुखत्यारपत्र पाठवावे लागते. आमच्याकडे अडचण अशी झाली की त्याचे नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे, कन्नडमधील रेशनकार्डावर दुसऱ्या प्रकारे आणि इंग्रजीतील पासपोर्टवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले होते. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, त्यामुळे जन्मगावाच्या रकान्यातही जुन्या-नव्या नावांचा घोळ होता. सीमाभागातील माणसाला हे नवे नाही, पण परक्या देशातील कारकुनाला ते समजावणे फार जड गेले. तेवीस दिवस लागले. कंपनीने हात वर केले, ज्याने पाठवले त्या दलालाचा फोन बंद झाला, आणि शेवटी त्याच्याबरोबर राबणाऱ्या मजुरांनी वर्गणी काढून खर्च भागवला. गोव्याच्या विमानतळावरून शवपेटी चोर्ला घाटाने गावात आली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. ती पेटी उतरवून घेताना मीही हात लावला होता.

पुढे मंत्रालयाचे कागद वाचताना मला कळले की अशाच प्रसंगासाठी २००९ साली ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ स्थापन झालेला आहे. संकटात सापडलेल्या भारतीयाला तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, कायदेशीर मदत आणि ऐपत नसलेल्या कुटुंबासाठी पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च या निधीतून देता येतो. २०१७ मध्ये त्याचे नियम अधिक व्यापक करण्यात आले. हा निधी मुख्यतः उभा राहतो तो वकिलातींत भारतीयांनी घेतलेल्या सेवांवर आकारलेल्या लहानशा अधिभारातून. म्हणजे त्या गवंड्याने किंवा त्याच्यासारख्या लाखो मजुरांनी वकिलातीत एखादे काम करून घेतले असेल, तर या निधीत त्यांचाही पैसा आहे. तरीही आम्हाला तेवीस दिवसांत कोणी या निधीचे नावसुद्धा सांगितले नाही, आणि विचारावे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या गवंड्याच्या मुलांचे आणखी मोठे नुकसान झाले ते विम्याचे. दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगाराला आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, आणि ती घेताना ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची असते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूस दहा लाखांचे संरक्षण. आमच्या माणसाला दलालाने भेटीच्या व्हिसावर पाठवले, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो म्हणून. परवानगी नाही, म्हणून नोंद नाही, म्हणून विमाही नाही. या वाटेला लावण्यासाठी दलालाने त्याच्याकडून लाखाच्या वर रक्कम घेतली होती. परवानाधारक भरती एजंटाला कायद्याने कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही, ही गोष्ट आमच्या तालुक्यात त्या वेळी दहा माणसांनाही माहीत नसेल. मलाही नव्हती, आणि मी त्याला कर्ज मंजूर करणाऱ्यांच्या बैठकीत बसलो होतो.

मंत्रालयाला काम करता येत नाही, असे मी म्हणणार नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय दगावले, तेव्हा राज्यमंत्री तातडीने तिथे गेले आणि हवाई दलाच्या विमानाने पार्थिवे दोन दिवसांत कोचीत आणली. २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’खाली ३,८०० हून अधिक भारतीयांना सोडवून आणले. त्यात आपल्याच राज्यातील हक्की-पिक्की समाजाची माणसे होती. देशाचे लक्ष लागते तेव्हा यंत्रणा रात्रीचा दिवस करते. एकेकटा मरणारा, एकेकटा पगारासाठी अडवला जाणारा माणूस मात्र बातमीत येत नाही, आणि त्याच्यासाठी वकिलातीत पुरेसे हात असायला हवेत, तर तरतूद वाढवावी लागेल. स्थायी समितीची एक टक्क्याची शिफारस मला पटते ती याचसाठी.

आपल्या सीमाभागात कुठलीही मागणी करायची म्हटले की ती बेंगळूरकडे करायची की मुंबईकडे, हा वाद आधी उभा राहतो. या विषयात तो वाद नाही. परराष्ट्र व्यवहार, पासपोर्ट आणि उत्प्रवास हे तिन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहेत. जबाबदारी सरळ दिल्लीची आहे आणि मागणीही सरळ दिल्लीकडे करता येते. बेळगाव व चिक्कोडीचे खासदार, आणि खानापूर-कित्तूर ज्या मतदारसंघात येतात त्या उत्तर कन्नडचे खासदार, या तिघांना माझी विनंती आहे की त्यांनी लोकसभेत लेखी प्रश्न विचारून कल्याण निधीत प्रत्येक आखाती वकिलातीत किती जमा झाले, किती खर्च झाले आणि त्यातले पार्थिवांसाठी व कायदेशीर मदतीसाठी किती, हे दर वर्षी मागवून घ्यावे. हा निधी अर्थसंकल्पीय तरतुदीवर चालत नाही, म्हणून मागण्यांच्या कागदांत त्याचा ताळेबंद मला सापडला नाही. तो त्या कागदांना परिशिष्ट म्हणून जोडला जावा, एवढी साधी सुधारणा सरकारने करायला हरकत नसावी. दुसरे, परदेशी निघालेल्या कामगारांसाठी मंत्रालयाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असते, ते बेळगावात मिळावे आणि मराठी व कन्नड दोन्हींत मिळावे. नोकरीचा करार ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून त्यावर अंगठा घेणे, याला संमती म्हणता येणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. येत्या फेब्रुवारीत मागण्यांचे कागद आले की परराष्ट्र मंत्रालयाचे पान मराठीत, देशनिहाय मदत, पासपोर्ट व उत्प्रवासावरील खर्च, मागील वर्षाचा सुधारित अंदाज असे सगळे आकडे देऊन छापावे. त्याच्याच शेजारी एका चौकटीत परवानाधारक एजंट मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कसा तपासायचा, विम्याचा हप्ता किती, आणि वकिलातीत गेल्यावर कल्याण निधीचे नाव कसे घ्यायचे, हे चार ओळींत द्यावे. आकडे काढून देण्याचे आणि ताडून पाहण्याचे काम मी विनामोबदला करीन. त्या चौकटीचे कात्रण आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर, परदेशी जाण्यासाठी कर्ज मागायला येणाऱ्या माणसाला दिसेल अशा जागी, लावण्याचे विद्यमान अध्यक्षांनी मला कबूल केले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस,
ता. खानापूर, जि. बेळगाव